गचाळ कोड आणि लबाड कोड

पुण्याहून एका वाचक भगिनींनी पाठवलेल्या दीर्घ पत्राचा सारांश असा : बसची तिकिटे विकणारे ॲप चालवणाऱ्या एका लहान कंपनीत त्या तीन वर्षांपासून सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत. तेथे कोड नीट चालतो का हे तपासणाऱ्या टेस्ट लिहिल्या जात नाहीत, डेटाबेसचा पासवर्ड सरळ कोडमध्येच लिहिलेला आहे, भाड्याचा एकच हिशेब चार ठिकाणी चार प्रकारे केलेला आहे आणि याविषयी विचारले, तर ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये (म्हणजे कामाच्या पुढच्या ठरावीक टप्प्यात) बघू’ असे उत्तर मिळते. गेल्या काही महिन्यांत त्यांच्याकडून आणखी दोन कामे करून घेण्यात आली. प्रवास विम्याच्या चौकोनात टिक आधीच लावून ठेवायची आणि ती रक्कम एकूण भाड्यात मिसळून दाखवायची, हे पहिले काम. आणि बसमध्ये कितीही जागा रिकाम्या असल्या, तरी ‘फक्त २ सीट शिल्लक’ अशी लाल अक्षरांतली सूचना दाखवायची, हे दुसरे. वरिष्ठ म्हणतात की सगळीकडे असेच चालते. वडील म्हणतात की सांगितलेले काम करावे, मालकाचे पाप मालकाला. घराचा हप्ता चालू आहे. ‘या सगळ्याचा मला सारखाच संताप येतो. मी राजीनामा द्यावा का? आणि दिला, तर पुढच्या मुलाखतीत कारण काय सांगू?’ असे त्यांनी विचारले आहे.

स. न. वि. वि.

तुमचा संताप योग्य आहे. परंतु तो दोन अगदी निराळ्या गोष्टींवर एकत्रच निघत असल्यामुळे त्याचा तुम्हाला उपयोग होत नाही, असे मला वाटते. तुमच्या कंपनीत गचाळ कोड आहे आणि लबाड कोडही आहे. पहिल्याविषयी भांडता येते, घासाघीस करता येते, प्रसंगी काही काळ गप्पही बसता येते. दुसऱ्याविषयी ही मुभा तुम्हाला नाही. हा फरक एकदा नीट दिसला, की राजीनाम्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे बरेच सोपे होईल.

आधी गचाळ कोडाविषयी बोलू आणि त्याविषयी तुमच्या वरिष्ठांच्या बाजूनेही दोन शब्द बोलू. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरनी १९९२ मध्ये, गुंतवणुकीच्या हिशेबाचे एक सॉफ्टवेअर करताना आलेल्या अनुभवावरून, घाईने लिहिलेल्या कोडाला कर्जाची उपमा दिली होती आणि त्यांचे म्हणणे कर्ज काढूच नये असे मुळीच नव्हते. थोडे कर्ज काढल्याने काम वेगाने पुढे जाते. मात्र ते लवकर फेडले पाहिजे, नाहीतर त्या कोडावर पुढे घालवलेला प्रत्येक क्षण व्याजात जातो, असे ते म्हणाले होते. हातात पैसा बेताचा असलेल्या लहान कंपनीने दिवाळीच्या गर्दीआधी ॲप बाजारात आणण्यासाठी टेस्ट मागे टाकल्या, तर तो धंद्याचा निर्णय आहे, पाप नव्हे. तुमच्या पत्रात चार ठिकाणच्या चार हिशेबांविषयी जो तिरस्कार आहे, त्यात थोडा भाग कारागिराच्या अभिमानाचाही आहे. तो असावा; पण त्याला नीतीचा प्रश्न समजू नये.

खरा दोष आहे, तो या कर्जाची कुठेच नोंद नसण्यात. ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू’ हे वाक्य जेव्हा कोणत्याही तिकिटावर (म्हणजे करायच्या कामाच्या नोंदीवर), कोणत्याही तारखेसह लिहिलेले नसते, तेव्हा ते वाक्य म्हणजे वहीखात्याशिवाय घेतलेली उसनवारी असते आणि घेणारा माणूस नोकरी सोडून गेला, की त्याचा पत्ताही राहत नाही. याचे मी पाहिलेले सर्वांत बोलके उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातले आहे. नाइट कॅपिटल ही शेअर दलाली करणारी कंपनी होती. तिच्या ऑर्डर पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना भाग होता. २००३ पासून तो वापरात नव्हता, पण कोणी काढूनही टाकला नव्हता. २०१२ मध्ये नवी सुविधा आणताना त्या जुन्या भागाला चालू करणारा फ्लॅगच (कोडमधील चालू-बंदची खूण) नव्या कामासाठी पुन्हा वापरण्यात आला. आठ सर्व्हरांवर नवा कोड टाकायचा होता. एका तंत्रज्ञाकडून आठव्या सर्व्हरवर तो टाकायचा राहून गेला आणि दुसऱ्या कोणी तपासावे, अशी लेखी पद्धत तेथे नव्हती. १ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडला, त्या एका सर्व्हरवर नऊ वर्षे निजलेला कोड जागा झाला आणि ग्राहकांच्या अवघ्या २१२ ऑर्डरींवरून त्याने सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे केले. तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक झाला आणि पुढच्याच वर्षी कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

या प्रकरणातील एक तपशील तुम्ही तुमच्या वरिष्ठांना अवश्य सांगा. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्या यंत्रणेने आपल्याच कर्मचाऱ्यांना ९७ ई-मेल पाठवले होते आणि त्यांत ‘पॉवर पेग’चा उल्लेख होता. ते मेल धोक्याची सूचना म्हणून रचलेले नव्हते. त्यामुळे त्यांची कोणी दखलच घेतली नाही. यात कोणाचीही लबाडी नव्हती. फ्लॅग पुन्हा वापरणे, मेलेला कोड तसाच ठेवणे, नवा कोड सर्व्हरवर टाकताना दुसऱ्या माणसाने न पाहणे, या तिन्ही गोष्टी तुमच्या पत्रातल्या गोष्टींइतक्याच किरकोळ होत्या.

म्हणून गचाळ कोडाविषयी माझा सल्ला थोडक्यात असा. पासवर्डचा प्रश्न कर्जाच्या यादीत घालू नका. तो याच आठवड्यात कोडबाहेर काढून बदलून घ्या, कारण तेथे तुमच्या प्रवाशांची नावे, फोन नंबर आणि प्रवासाच्या तारखा उघड्यावर आहेत आणि कोडच्या जुन्या आवृत्त्यांत तो पासवर्ड शिल्लक राहतोच, त्यामुळे नुसती ती ओळ पुसून भागत नाही. चार हिशेबांचे एकत्रीकरण करायचे असेल, तर ‘स्वच्छ कोड’ या नावाने वेळ मागू नका. गेल्या महिन्यात चुकीच्या भाड्यामुळे किती परतावे द्यावे लागले, तो आकडा काढा आणि तो मांडून वेळ मागा. बाकीच्या गोष्टींची तिकिटे बनवा, त्यांवर तारखा टाका आणि त्या उलटल्या की पुन्हा आठवण करा. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याचे कौतुक कोणी करणार नाही.

आता लबाड कोडाकडे येऊ. तुमच्या ‘फक्त २ सीट शिल्लक’ या ओळीत एकही बग, म्हणजे कोडमधली चूक, नाही. ती सांगितले तेच करते, नेहमी करते आणि माझी खात्री आहे की तुमच्या कंपनीत ज्याची काळजीपूर्वक चाचणी झाली असा तो एकमेव भाग असेल, कारण ती सूचना लाल असावी की नारिंगी, ती पाहिल्यावर किती लोक घाईने पैसे भरतात, हे मोजल्याशिवाय कोणी अशी मागणी करत नाही. गचाळ कोडात कंपनीचे स्वतःचे नुकसान होते आणि कंपनीला ते नको असते. लबाड कोडात नुकसान प्रवाशाचे होते आणि कंपनीला तेच हवे असते. त्यामुळे टेस्ट, रिव्ह्यू, उत्तम रचना यांपैकी कशानेही तो सुधारत नाही. उलट अधिक चांगला फसवू लागतो.

‘सगळीकडे असेच चालते’ हे वरिष्ठांचे म्हणणे वस्तुस्थिती म्हणून फारसे खोटे नाही, परंतु कायदा म्हणून ते आता चुकीचे आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ (ग्राहकाला फसवणारी ॲपची किंवा संकेतस्थळाची रचना) रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांच्या परिशिष्टात अशा १३ प्रकारांची नावानिशी यादी दिली. खोटी टंचाई किंवा खोटी घाई दाखवणे हा त्या यादीतला अगदी पहिला प्रकार आहे आणि ग्राहकाच्या संमतीशिवाय पैसे भरण्याच्या वेळी आणखी एखादी सेवा त्याच्या खरेदीत घुसवणे हा दुसरा. म्हणजे तुमच्याकडून करून घेतलेली दोन्ही कामे यादीच्या सुरुवातीलाच आहेत. जून २०२५ मध्ये प्राधिकरणाने ई-व्यापाराच्या कंपन्यांना आपापल्या ॲपची तीन महिन्यांत स्वतः तपासणी करून असे प्रकार काढून टाकण्याची सूचनाही दिली. ही तत्त्वे मूळ राजपत्रातूनच वाचा. ती फार मोठी नाहीत आणि वकिलाशिवाय समजतात.

या तत्त्वांखाली तुम्हाला व्यक्तिशः शिक्षा होईल, अशी भीती मी घालणार नाही. नोटीस कंपनीला जाते. परंतु तुमच्या वडिलांच्या ‘मालकाचे पाप मालकाला’ या म्हणण्याबाबत, त्यांच्या वयाचा आणि अनुभवाचा पूर्ण मान राखून, माझा मतभेद आहे. कारण पाप वर किती जाते ते मला माहीत नाही, पण दोष खाली येतो हे दिसून आलेले आहे. फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्यांत असे सॉफ्टवेअर बसवलेले होते, की स्टिअरिंग वळत आहे का, वेग किती आहे, इंजिन किती वेळ चालू आहे अशा खुणांवरून गाडी प्रयोगशाळेतल्या चाचणीवर आहे हे ते ओळखत असे आणि तेवढ्यापुरते धुरावरचे नियंत्रण पूर्ण चालू ठेवत असे. रस्त्यावर आल्यावर तीच गाडी नायट्रोजन ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडत असे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ रोजी हे उघड केले. त्यानंतर महिन्याभराच्या आत कंपनीच्या अमेरिकेतील प्रमुखांनी तेथील संसदेच्या समितीपुढे सांगितले, की हा कंपनीचा निर्णय नव्हता, दोन-चार सॉफ्टवेअर इंजिनिअरांनी काही कारणाने हे केले. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत असलेली गोष्ट दोन-चार इंजिनिअरांच्या माथी मारण्याचा तो प्रयत्न टिकला नाही. पुढे वरिष्ठांवरही खटले झाले. पण २०१७ मध्ये त्या प्रकरणात अमेरिकी न्यायालयाने पहिली तुरुंगवासाची शिक्षा दिली, ती एका इंजिनिअरलाच, ४० महिने.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर हैदराबादच्या सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे घ्या. हिशेब फुगवल्याची कबुली देणाऱ्या, तिचे संस्थापक बी. रामलिंग राजू यांच्या ७ जानेवारी २००९ च्या पत्राची चर्चा सर्वांनी केली. पण ती खोटी विक्री कंपनीच्या पुस्तकांत शिरली कशी, हा भाग आपल्या व्यवसायातील लोकांनी मुद्दाम वाचण्यासारखा आहे. तपासात असे मांडले गेले, की बिलांच्या संगणक प्रणालीत ‘सुपर यूजर’ असे एक खास लॉगिन होते आणि त्या वाटेने तयार केलेली हजारो बनावट बिले वित्त विभागाच्या हिशेबात दिसत, पण ज्यांनी ती कामे केली असे दाखवले होते त्या विभागांना दिसत नसत. बिल लपवण्याची ती सोय आपोआप उगवली नव्हती. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये दहा जणांना दोषी ठरवले, तेव्हा त्यांत संस्थापक आणि लेखापरीक्षक होतेच, पण वित्त विभागातील नोकरदार मंडळीही होती. त्या सर्वांनी अपील केले आणि त्यांना जामीनही मिळाला, हा भाग वेगळा. पण ‘मला सांगितले म्हणून केले’ या उत्तराने त्यांचा खटला टळला नाही.

तुमची ‘२ सीट’ आणि सत्यमची बिले यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे मी जाणतो. तरीही एक गोष्ट दोन्हीकडे समान आहे आणि ती तुमच्यासाठी महत्त्वाची आहे : ती ओळ कोणी लिहिली, हे गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी प्रणाली) पुढेही सांगत राहते, ती लिहायला कोणी सांगितले, हे गिट सांगत नाही.

गचाळ आणि लबाड कोड वेगळे आहेत असे म्हटल्यानंतर, ते एकमेकांना कसे पोसतात हेही सांगितले पाहिजे, नाहीतर पहिल्याविषयी मी फार उदार झालो असे होईल. ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून आपल्या शाखांत होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. तिच्यात बग होते. शाखेच्या गल्ल्यात नसलेली तूट ती पडद्यावर दाखवत असे. येथपर्यंत ती गचाळ कोडाची गोष्ट होती. पुढे मात्र संस्थेने बग मान्य करण्याऐवजी तूट शाखाचालकांच्या माथी मारली. शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणी हात घालू शकत नाही असे सांगत राहिली, जे खरे नव्हते. आणि इंग्लंडच्या न्यायालयांत संगणक नीट चालतो असेच गृहीत धरले जात असल्याने चोरी आणि खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली ९०० हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी दिवाळे काढले, काहींनी जीव दिला. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष नोंदवले आणि २०२४ मध्ये तेथील संसदेला या शिक्षा रद्द करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. गचाळ कोडाला ‘आमचा कोड उत्तम आहे’ या खोटेपणाचे पांघरूण घातले, की तो लबाड होतो. म्हणून उद्या चार हिशेबांतील फरकामुळे एखाद्या बसमालकाला किंवा प्रवाशाला चुकीची रक्कम लागली आणि तुम्हाला ‘सिस्टीम बरोबर आहे, असे कळवून टाका’ असे सांगण्यात आले, तर त्या क्षणी तुमची पहिली तक्रारही दुसऱ्या जातीची झाली, असे समजा.

आता प्रत्यक्ष काय करायचे, ते सांगतो.

आरोप करू नका आणि सर्वांसमोर विषय काढू नका. तुमच्या प्रॉडक्ट मॅनेजरना एक लहान मेल पाठवा. तो तुम्ही इंग्रजीतच लिहाल, पण आशय असा असावा : विम्याची टिक आणि जागांची सूचना या दोन गोष्टी २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नावाने येतात, असे माझ्या वाचनात आले, आपण कायदेशीर सल्ला घेतला आहे का आणि नसल्यास तोपर्यंत या दोन्ही बंद ठेवाव्यात का? यापेक्षा एक वाक्यही अधिक नको. या मेलमध्ये नीतीचा शब्द नाही, धमकी नाही, केवळ एक प्रश्न आहे. पण त्या प्रश्नामुळे निर्णय तुमच्या टेबलावरून ज्याचा आहे त्याच्या टेबलावर जातो. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते, कारण ही मागणी तोंडी करताना सोपी असते आणि लेखी मान्य करताना अवघड. मॅनेजर तुमच्या जागेवर येऊन ‘अगं, असलं मेलवर कशाला?’ असे म्हणाले, तर हसून ‘विसरायला नको म्हणून’ असे सांगा आणि जे बोलणे झाले, ते तिकिटावर नोंदवा.

मेलसोबत पर्यायही द्या, कारण विक्रीचे लक्ष्य त्या माणसाच्याही डोक्यावर आहे. जागा खरोखरच दोन उरल्या असतील, तेव्हा तसे दाखवण्यास कोणाचीच हरकत नाही. ती माहिती प्रवाशाला उपयोगाचीही आहे. तुमच्याकडे बसमालकांकडून येणारा जागांचा खरा आकडा आहे, त्यावर ती सूचना बांधणे हे दोन दिवसांचेही काम नसावे. विमा विकायचा असेल, तर टिक रिकामी ठेवून, त्यात काय मिळते ते दोन ओळींत स्पष्ट सांगून विका. विक्री कमी होईल, हे मान्य करूनच हे मांडा, लपवू नका. मात्र टिक लक्षात न आलेल्या प्रवाशांच्या तक्रारी आणि परत मागितलेले पैसे यांचा आकडा शेजारी ठेवा. तो तुमच्या ग्राहक सेवेच्या लोकांकडे असेल आणि त्यांना आजवर कोणी विचारले नसेल.

एक खबरदारी घ्या. पुरावा म्हणून कंपनीचा कोड, ग्राहकांची माहिती किंवा अंतर्गत कागदपत्रे स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नका. तसे केले, तर कंपनीला तुमच्याविरुद्ध नेमके तेच एक कारण मिळेल आणि मूळ विषय बाजूला पडेल. कोणी काय सांगितले आणि तुम्ही काय विचारले, याची तारीखवार टिपणे स्वतःच्या वहीत, स्वतःच्या शब्दांत ठेवणे पुरेसे आहे. सूचीबद्ध कंपन्यांना आणि बँकांकडून ५० कोटी रुपयांहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांना कंपनी कायद्यानुसार अशा तक्रारींसाठी अंतर्गत व्यवस्था ठेवावी लागते. तुमची कंपनी लहान असल्याने ती बहुधा नसेल. ॲपवरून तिकीट काढणाऱ्या कोणाही प्रवाशाला १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, हे मात्र लक्षात असू द्या.

राजीनामा आज देऊ नका. हप्ता चालू असताना, हातात दुसरी नोकरी नसताना, एका टिकच्या खुणेसाठी घर धोक्यात घालण्याचा सल्ला मी देणार नाही आणि जो देईल त्याने तुमचा हप्ता भरावा. मेलला लेखी उत्तर येते की नाही, हे महिनाभर पाहा आणि त्याच महिन्यात शांतपणे दुसरीकडे चौकशी सुरू करा. तुमच्या क्षेत्रात नोटीसचा काळ अनेकदा ९० दिवसांचा असतो, त्यामुळे सुरुवात उशिरा केली तर सुटका आणखी उशिरा होते. खोटी सूचना बंद झाली, तर राहा, कारण विचारल्यावर सुधारणारी कंपनी, तिचा कोड कितीही गचाळ असो, शिकण्यासाठी वाईट जागा नव्हे. काहीच बदलले नाही, तर नव्या नोकरीचे पत्र हातात आल्यावर निघा. यात एक अपवाद आहे. तपासणी करणाऱ्यांपासून नोंदी लपवण्याचा, हिशेबाच्या तारखा मागे नेण्याचा किंवा प्रवाशांची माहिती गुपचूप विकण्याचा कोड लिहायला सांगितले, तर महिना मोजत बसू नका. त्या कामाला त्याच दिवशी लेखी नकार द्या आणि वकिलाला भेटा.

तुम्ही आधी लिहून दिलेल्या त्या दोन गोष्टींविषयी अपराधीपणाने झोप उडवून घेऊ नका. त्या बदलण्याचे तिकीट स्वतःच्या नावाने उघडा आणि दुरुस्ती तयार करून ठेवा, म्हणजे परवानगी मिळताच ‘वेळ नाही’ ही सबब उरणार नाही.

मुलाखतीत कारण विचारले, तर जुन्या कंपनीची निंदा करू नका आणि खोटेही सांगू नका. प्रवाशांना दिसणाऱ्या माहितीबाबत आमच्या कामाच्या पद्धतीत मतभेद होते, मी ते लेखी मांडले, ते मान्य झाले नाहीत, एवढेच सांगा. मग त्यांना उलट विचारा, की तुमच्याकडे एखाद्या इंजिनिअरला एखादी मागणी चुकीची वाटली, तर तो ती कोणाकडे आणि कशी मांडतो. त्या प्रश्नावर समोरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली, तर पगार कितीही चांगला असला तरी आणखी एक-दोन ठिकाणी मुलाखती देऊन मगच होकार कळवा.